डाव्या खिशाचा कच्चा टाका

अख्ख्या म्हैसुरात माझ्यासारखा कान दुसऱ्या कुणाचा नसेल. उजव्यानं कमी ऐकू येतं, आणि शिंप्याचा धंदा असल्यामुळं डाव्यात शिलाई मशीन कायमची चालू असते.

तरी जयलक्ष्मीपुरमचे काका आवाज पारखायला मलाच बोलवायचे. नंजनगूडच्या कारखान्यात वायरिंगचं काम करून रिटायर झालेले. घरी स्वतःच्या हातानं अँप्लिफायर बांधला होता, काचेच्या वाल्वांचा. ते वाल्व लाल व्हायला लागले की मी खुर्ची मागं सरकवायचो.

काम करताना तुम्ही काकांना बघायला हवं होतं. उजव्या हातात अवजार आणि डावा हात पँटच्या खिशात. "एक हात कामाला, एक हात खिशाला," म्हणायचे. दोन्ही हात लागले तर करंट एका हातानं शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हातानं बाहेर जातो. कारखान्यात त्यांच्या शेजारचा माणूस तसाच गेला होता. प्लग काढला तरी आत करंट दबा धरून बसतो, असंही सांगायचे. मग मी खुर्ची आणखी मागं सरकवायचो.

काकी म्हणायच्या, "अजून सरकलास तर रस्त्यावर बसशील."

काकांचा सगळा जीव रेझिस्टरमध्ये. लवंगेएवढी वस्तू, अंगावर रंगीत पट्टे, दोन टोकांना दोन तारा. जुने कार्बनचे लावले की रेकॉर्डवरची वीणा गरम भातावर तूप सोडल्यासारखी लागते, पण मागं बारीक सूं ऐकू येतं. मेटलचे लावले की सूं जातं, पण वीणा कोरडी होते. असं काकांचं म्हणणं. म्हणून हे काढ, ते बसव, आणि मग मला विचार, "मास्तर, आता?"

शाळेचं तोंड न बघितलेल्या माणसाला कुणी मास्तर म्हटलं की तो काय पण बोलतो. मला फरक कधीच कळला नाही. मी मान डोलवून म्हणायचो, "स्वच्छ."

एकदा वाटलं, दर वेळी तेच काय बोलायचं. म्हणून म्हणालो, "काका, आज स्वल्प दबल्यासारखं वाटतंय." खरं म्हणजे मला सर्दी झाली होती.

काकांचा चेहरा पडला. "हौदा, खरंच? मला पण संशय होताच. उद्या सगळे रेझिस्टर बदलतो."

त्याच दिवशी मी त्यांची नवीन पँट देऊन आलो. डावा खिसा खास खोल, त्यांच्या मनासारखा.

दुसऱ्या दिवशी मंडी मोहल्ल्यातल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाईकाच्या पँटला इस्त्री करत होतो, तेव्हा आठवलं. इस्त्री नीट बसावी म्हणून आम्ही खिशाचं तोंड कच्च्या टाक्यानं बंद करतो आणि पँट देताना तो दोरा ओढून काढतो. काकांचा दोरा मी काढलाच नव्हता.

हातातली इस्त्री उभी ठेवली. डावा हात सवयीनं खिशाकडे जाणार. खिसा बंद. हात घसरून टेकणार कुठं? अँप्लिफायरच्या पत्र्याच्या डब्यावर. आणि उजव्या हातात करंट तपासायच्या मीटरची टोकदार सुई, ती पण माझ्या सर्दीपायी.

फोन लावला. वाजत राहिला. परत लावला, परत वाजत राहिला. गिऱ्हाईकाला दुकानात तसंच ठेवून स्कूटर काढली, गळ्यात टेप तशीच. सिग्नलला थांबलो तर मला सगळ्या दुनियेचे डावे हातच दिसायला लागले.

काकांचं गेट उघडं होतं. आत ना वीणा, ना सूं. जळका वास मात्र येत होता.

आत गेलो. टेबलावर डबा उघडा, वाल्व लाल. काका उभे, उजव्या हातात मीटरची सुई. डावा हात पाठीमागं, आणि तो काकींनी दोन्ही हातांनी घट्ट धरलेला. काकींच्या पायात रबरी चपला, डोळे मिटलेले.

"फोन वाजत होता," काकी डोळे न उघडता म्हणाल्या. "हात सोडता येत नव्हता."

"काकी, तुम्हाला पण करंट लागेल."

"मग काय ह्यांना एकट्यांना लागू देऊ?"

काकांनी स्विच बंद केला. जळका वास नवीन रेझिस्टरच्या तारांना डाक लावल्याचा होता. म्हणाले, "मास्तर, खिसा बंद का शिवलास? मला वाटलं, आता असेच शिवतात."

मी खाली फरशीवरच बसलो. दोरा ओढायला हात पुढं केला, तर त्याआधी काकांनीच तो काढला. "सुम्ने, उगाच घाबरतोस," म्हणाले. पण त्यांचा डावा हात खिशात गेल्यावर बराच वेळ बाहेर आला नाही.

काका मागच्या वर्षी गेले. करंटनं नाही. दुपारी, खुर्चीत, झोपेत. डावा हात खिशातच होता, असं काकी सांगतात.

परवा काकींनी मला बोलावून घेतलं. मीच शिवलेलं कापडी झाकण त्यांनी डब्यावरून काढलं. म्हणाल्या, "ह्यांनी शेवटी कार्बनचे ठेवले का मेटलचे, मला ठाऊक नाही. तू ऐकून सांग."

त्या डब्याची मला अजून भीती वाटते. तरी या वेळी खुर्ची मागं सरकवली नाही. डोळे मिटले, कान दिला.

"स्वच्छ आहे, काकी," मी म्हणालो. "एकदम स्वच्छ."

"अजून स्विच टाकला नाही मी," काकी म्हणाल्या. "तू आपला पँटच शिवत बस."