कुट्टीची घंटी

मी तलवाड्यातला वायरमन. भागवतच्या पेट्या मीच बसवायचो, म्हणून सांगतोय; लोकं तर काहीबी बरळतात.

भागवत मुंजाजीआबांचा पोरगा. बापाची हयात शेरडामागं गेली, पोरगा कॉम्प्युटर शिकला अन् गावातच राहिला. लाईट जाऊन आली की कडबा कापायची कुट्टी आपोआप फिरायची, धोक्याचं काम. त्यावर त्यानं पेटी काढली. लाईट आली की आधी घंटी, मगच मशीन. विहिरीच्या मोटरीची पेटी निराळी, बोअरची निराळी. तिन्हींचे प्रोग्राम वेगळे, पण घंटी किती वाजवायची अन् किती थांबायचं ते सांगणारी फाइल एकच. ती तयार झाली की तिच्यावरून बाकीचे बनायचे.

एकामागं एक बनवले की बरोबर व्हायचे. पण आमच्याकडं लाईटीचा काय भरवसा! ती जायच्या आत उरकावं म्हणून भागवतनं तिन्ही एकदम बनवायला लावले. आधी फाइल, मग कुट्टी, हे कॉम्प्युटरला सांगायचं राहिलं. नवी फाइल व्हायच्या आतच कुट्टीच्या प्रोग्रामनं जुनी उचलली. ती नुसती टेबलावर तपासायपुरती होती, तिच्यात ना घंटी ना थांबणं. कॉम्प्युटरनं चूक दाखवली न्हाई. भागवतनं विहिरीची पेटी तेवढी तपासली, ती बरोबर निघाली म्हणून बाकीच्या तशाच बसवायला दिल्या. हे सगळं त्यानं मला नंतर सांगितलं.

लाईट गेलती. घरच्या कुट्टीत अडकलेला कडबा काढायला आबांनी घंटीच्या भरवशावर हात घातला. लाईट आली, घंटी वाजलीच न्हाई. उजवा हात मनगटातून गेला.

बीडच्या दवाखान्यात आबा बायकोला, कडूबाईला म्हणत होते, माझे कानच गेले, घंटी ऐकू आली न्हाई. म्हातारी त्यांना बहिरा म्हणून झापायची अन् रडायची. भागवत मान वर करंना, तवाच मी ओळखलं. असा राग आला, कानफाडात द्यावी वाटली.

शेवटी तो बोलला. "आबा, तुमचे कान चांगले हायेत. घंटी वाजलीच न्हाई. चूक माझी हाय."

आबा म्हणाले, "मंग हितं कशाला बसलास? सुग्रीवकडं तीच पेटी हाय."

सुग्रीव आमच्याच गावचा, त्याच्या घरी फोन कोणी उचलंना. गाडी काढली अन् मी अन् भागवत तसेच गेलो. सुग्रीव कुट्टीपाशीच होता, वैरण घालत. पेटी काढू देईना. चांगली चालतीय म्हणाला, काढायची कशाला?

भागवत म्हणाला, "आबांचा हात हिनंच खाल्ला. मीच बनवलेली हाय."

सुग्रीवनं बटण बंद केलं अन् पेचकस आणून दिला. पेटी मी काढली, भागवतनं ती उचलून गाडीत टाकली.