आराखड्यात नसलेली आखाजी

सांजोऱ्या तळल्याचा वास आला की धुळ्याच्या भाड्याच्या खोलीतली ती दुपार आठवते. नोकरी सोडून चोपड्याजवळच्या गावी साधेपणानं राहायचं, म्हणून पुढच्या वीस वर्षांचा खर्च मी वहीत मांडला होता. ‘सणवार’ या शब्दावर ऐटीत काट मारली होती. राजीनामा खिशातच होता. बायकोनं वही वाचली आणि काट मारलेल्या शब्दावर बोट ठेवलं. “काय चुकलं?” मी चिडून विचारलं. पाळण्यातल्या मुलीकडे पाहत ती म्हणाली, “बठ्ठं लिखं तुम्ही. पन उद्या हाई पोर आखाजीले माहेरी येई, ते कोठे शे?” त्या खर्चाची तजवीज करण्यात राजीनामा तीन वर्षं लांबला. आज अक्षय्य तृतीया, आमची आखाजी; गावातल्या लिंबाला झोका बांधलाय, सांजोऱ्या मीच तळतोय, आणि लेकीची बस अजून आलेली नाही.