फोटोपुरता बेल्ट

इकडे हिंदी मुलखात, नेपियर टाउनात आमच्या घरासमोर चार मजली दवाखाना बांधून राहिले आहेत. तिथला सुपरवायझर मूळचा अमरावतीकडचा, त्यामुळे मराठी ऐकली की खुश. मी बाल्कनीत दिसले की खालूनच ओरडायचा, "काकू, चहा झाला का?" आवाजात इतकी माया, की त्या मेल्यावर रागावताही यायचं नाही.

सकाळी तो मजुरांना रांगेत उभं करायचा. उंचावरून पडू नये म्हणून बांधायचा बेल्ट साऱ्या साइटवर एकच. तो एकाच्या अंगावर चढवायचा, "चलो भैया, हंसो" म्हणत मोबाइलवर फोटो काढायचा आणि बेल्ट सोडवून पुढच्याला घालायचा. फोटो कंपनीला जायचे. माणसं तशीच वर जायची.

"सगळ्यांना काहून नाही देत?" मी एकदा विचारलं.

"काकू, बेल्ट घालून हात चालत नाही. काम कधी होईन?"

परवा एक प्लास्टरवाला परांचीवरून पडला. मी धावत खाली गेले. सुपरवायझर त्याच्याजवळ गुडघे टेकून बसला होता आणि "हिलना मत, भैया," म्हणत हलक्या हातानं त्याला बेल्ट बांधत होता. बकल ओढून पाहिलं, फोटो काढला आणि मग अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. तो बिचारा वाटेतच गेला.

आज सकाळी सुपरवायझर माझ्या दारात उभा होता. हातात तोच बेल्ट, धुतलेला, ओला.

"काकू, तुमच्या बाल्कनीत ऊन चांगलं येते. वाळू घालू का? नवीन माणसाचा फोटो काढाचा आहे."