पोवळ्यांवरची फवारणी

बारामतीत शोभेच्या माशांच्या दुकानात मी माझ्या गोल्डफिशचं खाणं घेत होते. तेवढ्यात भवानीनगरकडचे एक ऊसबागायतदार आले. पांढरा कडक सदरा, हातात डबा. बंगल्यातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत पोवळ्यांवर चपटे किडे पडलेत, हे त्यांनी न विचारताच साऱ्या दुकानाला सांगितलं.

औषध दुकानदारानेच दिलं होतं. त्याने विचारलं, "तात्या, बादलीत एकच टोपण घालून त्यात पोवळं बुडवलं ना?"

"एका टोपणानं काय हुतंय? आमी उसालाबी डबल मारतो. आन् एकेक बुडवत कोण बसतंय? सरळ टाकीत वतलं. एकच सरी फवारून कीड जाती व्हय?"

त्यांनी डबा उघडला. पोवळी मरून हाडांसारखी पांढरीफटक पडली होती. मासे आदल्या दिवशीच गेले होते. दुकानदाराने कपाळाला हात लावला.

तात्या मात्र खुशीत होते. "औषधाला नाव ठिवायला जागा न्हाय. कीड एकसुदिक राहिली न्हाय! आनखी एक बाटली द्या. नवी पोवळी आणतोय, कीड पडायच्या आधीच मारून ठिवतो."

तेव्हापासून कुणी "औषध लागू पडलं" म्हणालं, की मी आधी पेशंट कुठे आहे ते विचारते.