काकूंची खोक्यांची यादी

काकूंच्या घरी साधी कात्री मागितली तरी त्या आधी कपाटाचं दार उघडायच्या. दाराच्या आतल्या बाजूला यादी चिकटवलेली असायची. वस्तू, आणि पुढे खोक्याचा नंबर. काका बँकेत, दर तीन वर्षांनी बदली. बेहालाच्या त्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये निम्मी खोकी कधी सुटलीच नाहीत. "खोकी उचकत बसायला मी काय उंदीर आहे?" म्हणायच्या.

त्या नात्यातल्या नव्हेत, एस्प्लनेडच्या ऑफिसातल्या माझ्या सीनियर. आम्ही मासिकांच्या एक्सएमएल फायलींची वेबपानं करायचो. मी अकरावीतच शिक्षण सोडून अकोल्याहून भावाकडे, गार्डन रीचला आलेली. नोकरी तीन महिन्यांच्या बोलीवर.

पहिल्या मोठ्या फायलीत शेकडो लेख होते आणि लेखकांची माहिती पार शेवटी. माझा प्रोग्राम प्रत्येक लेखासाठी अख्खी फाईल पहिल्यापासून चाळत बसला. जेवणाची सुट्टी संपली तरी चालूच. "आर कॉतो देरी?" अजून किती वेळ, असं आमचे बंगाली हेड तपनदा मागून विचारून गेले. आता नारळ मिळणार, असं मी धरूनच चालले.

काकूंनी खुर्ची ओढली. "अगं, तूही उंदीरच की! प्रोग्राममध्ये सगळ्यात वर एकदाच 'की' लिही, म्हणजे किल्ली. कुठले घटक, आणि ते कशावरून ओळखायचे. मग प्रोग्राम आधीच यादी करून ठेवतो, माझ्या खोक्यांसारखी. खाली नुसतं विचारायचं, थेट तिथेच जातो."

मी लेखकाच्या नावावर 'की' लावली. काही सेकंदांत काम फत्ते! पण दोन लेखक एकाच नावाचे निघाले, आणि दोघांच्या लेखांवर फोटो मात्र पहिल्याचाच.

"नावावर नको गं, फायलीत प्रत्येक लेखकाला नंबर आहे, त्यावर लाव. पहिल्या बदलीला मी खोक्यांवर नुसतं 'भांडी' लिहिलं होतं. सात खोकी फोडली, कुकर आठव्यात!"

संध्याकाळी तपनदांना त्या एवढंच म्हणाल्या, "हिने केलंय." माझी नोकरी टिकली.

गेल्या महिन्यात काकांची नागपूरला बदली झाली. सामान गेलं आणि चौथ्या दिवशी फोन. "अगं, यादी घरमालकाच्या कपाटावरच राहिली! दोन दिवस बाहेरचं खातोय. ह्यांचं तोंड बघवत नाही."

मी तशीच बेहालाला गेले. घरमालकांनी दार उघडून दिलं. यादीवर बोट फिरवत मी फोनवर म्हटलं, "कुकर, तेवीस."

पलीकडे टेप फाटल्याचा आवाज. मग, "सापडला गं बाई!"

"अजून काय हवंय?" मी कपाटासमोर मांडी घालून बसले. "विचारा, काकू."