राखणदाराच्या डाव्या वहाणेचा अंगठा

मंडळी, मी दशावतारात राक्षस झालेला माणूस. तोंडाला रंग फासून लोकांना घाबरवण्याचं काम माझं, तेव्हा मी कशाला घाबरणार? आणि देवांना तर पडद्यामागे विडी ओढताना पाहिलेलं... त्यामुळे विश्वास तोही बेताचाच!

कुवेतला शुवैखच्या गॅरेजांच्या रांगेत मी गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. शेजारच्या गाळ्यात सीरियाचा अबू लैला सीटना चामडं शिवतो. त्याची बायको आणि मुलगी लैला तिकडे गावीच. तिथे यादवी चाललेली. एका सकाळी काळे झेंडेवाले अतिरेकी गावात घुसले, रस्त्यारस्त्यावर नाके बसवले, फोन बंद पाडले. त्या दिवसापासून माझा मित्र शिवता शिवता थांबायचा आणि मुक्या मोबाइलकडे बघत बसायचा. सुई बोटात गेली तरी त्याला कळत नसे.

शुक्रवारी दुपारी मी त्याला ओढून फरवानियाला, आमच्या कोकणी बॅचलर लोकांच्या खोलीवर नेलं. सुरमई समोर ठेवली, पण घास उतरेना. म्हटलं, आता आपण आपला खेळ दाखवू. नारळ हातात घेतला, आवाज लावला आणि आमच्या गावाच्या वेशी राखणाऱ्या देवाला, राखणदाराला, मालवणीत गाऱ्हाणं घातलं —

"बा महाराजा, ह्या आमच्या दोस्ताची बायल आणि चेडू थंय अडाकली हत. तेंका सुखरूप भायर काढ रे महाराजा. तुका गावची येस ओलांडूची लागात. व्हिसाचा मी बघतंय."

"होय महाराजा!" पोरं ओरडली. अबू लैलाला अक्षर कळलं नाही. पण तो कसनुसा हसला, खोबरं खाल्लं. माझं काम झालं होतं.

पुढच्या आठवड्यात तो गाळ्यात धावत आला. रडतोय की हसतोय, समजेना. बायको आणि लैला सीमेपलीकडे, मावशीकडे पोचल्या होत्या! बायकोचा व्हॉइस मेसेज त्याने लावला आणि वाक्यावाक्याला हिंदीत सांगत गेला.

भर दुपारी धुळीचं वादळ उठलं, तेव्हा ती लेकीला घेऊन निघाली. हात पुढे केला तर दिसेना. एवढ्यात पुढून चामडं करकरल्याचा आवाज... कोणीतरी चालत होतं. ती त्या आवाजामागून गेली. नाक्यावरच्या बंदूकवाल्यांचं बोलणं अगदी कानाशी ऐकू आलं, पण कोणी हटकलं नाही. धूळ क्षणभर विरली तेव्हा तिला फक्त पावलं दिसली. हातभर लांबीच्या वहाणा, आणि डाव्या वहाणेचा अंगठा निळ्या दोरीने बांधलेला.

माझ्या हातातला पाना खाली पडला.

आमच्याकडे राखणदाराला नवसाच्या अशाच हातभर वहाणा वाहतात. तो गावाभोवती फिरतो म्हणून त्या झिजतात, असं म्हणतात. पण निळी दोरी? ती मला ठाऊक नव्हती. तिथल्या तिथे देवळाच्या गुरवाला फोन लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, डावी वहाण बरी आहे ना?

तो हळूच म्हणाला, "तुका कोणी चुगली केल्यान? गावकऱ्यांका सांगू नको हां. अंगठो तुटलो, म्हणान जाळ्याच्या निळ्या दोरयेन मीच बांधलंय."

योगायोग म्हणा. धुळीत भेटलेला दुसरा कोणी पळालेला माणूस म्हणा... मीही स्वतःला तेच सांगून बघतो. पण तिथे निळी दोरी कुठून आली, ते अजून कळलेलं नाही.

यंदा मी सुट्टीवर निघालो, तेव्हा माझ्याकडून राखणदाराची सगळी हकिकत ऐकलेल्या अबू लैलाने माझ्या हातात एक भलंमोठं पुडकं दिलं. आत जीपच्या सीटच्या उत्तम चामड्याच्या, हातभर लांब वहाणा. विमानतळावर बॅग तपासणारा त्या उलटसुलट करून म्हणाला, "किसका साइज है भाई?" मी म्हटलं, गावातल्या एका बुजुर्गाचं.

डाव्या अंगठ्याला मात्र अबू लैलाने तिहेरी शिवण घातली होती. पुडकं घेतानाच मी कारण विचारलं होतं, तर सुई पुसत म्हणाला, "उधर और भी लोग हैं. बाबा को फिर जाना पड़ेगा."