तांडेलाचा नारळ आणि डॉक्टरीणबाई

तांडेलाचे ओठ काळेनिळे पडले होते आणि त्याचा मुलगा हरेश खिडक्या लावत होता.

"गारवा लागेल बाबांना," तो म्हणाला.

मी त्याला बाजूला केलं आणि खिडकी सताड उघडली. तांडेलाला पलंगाच्या कडेला बसवलं, पुढे टेबल ओढलं, त्यावर उशा रचल्या आणि त्याला त्यांच्यावर ओणवं केलं. टेबलफॅन तोंडासमोर धरला. दम लागलेल्या माणसाला आडवं ठेवायचं नसतं, आणि चेहऱ्यावर वारा आला की त्याचा घाबरेपणा जरा कमी होतो. ऑक्सिजनचं मशीन चालूच होतं, पण एकट्या मशीनने सगळं होत नाही.

हरेश फोनवर अ‍ॅम्ब्युलन्स मागत होता. तांडेलाने मान न उचलता हाताने नको म्हटलं. हळूहळू दम खाली आला. फोन तसाच राहिला.

मी नर्सिंग ब्युरोकडून आजाऱ्यांच्या घरी दिवसाच्या ड्युटीला जाते. उचलणं, पुसणं, भरवणं हे माझं काम. हे घर कामोठ्यातलं, हरेशचं. म्हातारा मूळचा करंज्याच्या कोळीवाड्यातला. तांडेल म्हणजे बोटीचा कप्तान. फुप्फुसाचा कॅन्सर हाडांत गेलेला. केमो चालू होती. म्हाताऱ्याला सांगितलं होतं, छातीत पाणी झालंय.

हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी पहिल्या केमोलाच हरेशला पॅलिएटिव्हच्या डॉक्टरीणबाईंना दाखवायला सांगितलं होतं. पॅलिएटिव्ह म्हणजे आजाऱ्याचा त्रास कमी करायचं काम. बाकीचे उपचार सोडावे लागत नाहीत, दोन्ही बरोबर चालतं. मी त्या बाईंना दुसऱ्या घरांत पाहिलं होतं.

"आजच बोलव त्यांना," मी हरेशला स्वयंपाकघरात म्हटलं.

"मावशी, पुनव होऊ दे. मग बोलवू."

पुनव म्हणजे नारळी पौर्णिमा. यांच्या घरात दर्याला नारळ दिल्याशिवाय बोट हलत नाही, आणि नारळ तांडेलानेच सोडायचा. हरेशला भीती, ती बाई येऊन गेली की करंज्यात बातमी जाणार, तांडेलाचं आटोपलं. नातेवाईक शेवटचं बघायला येणार आणि खलाशी दुसरी बोट धरणार. हरेशच्या चुलत्याकडे असंच झालं होतं. बाई आल्या आणि दोन दिवसांत चुलता गेला.

"त्याच्यासाठी बाईंना अगदी शेवटी बोलावलं होतं ना?" मी विचारलं.

"हो."

"मग जाणारच. सगळे शेवटी बोलावतात आणि नाव त्या बाईचं खराब होतं."

"तुम्ही ड्युटी करा, मावशी."

केली. संध्याकाळी म्हाताऱ्याला पेज भरवत होते. त्याची बायको पायाशी बसली होती.

"बाय, कोन ती डॉक्टरीन?" तांडेलाने विचारलं. दम गेला होता, कान शाबूत होते.

"तुमच्या मुलाला विचारा," मी म्हटलं. सांगायचं काम माझं नव्हतं.

हरेश दारात उभा. "बाबा, फार वाईट झालं की त्यांना बोलवतात. आत्ता गरज नाही."

"वारा फिरला का आमी वायरलेस करताव," तांडेल थांबत थांबत म्हणाला. "बोट बुडाल्यावर कोनाला सांगशील? माशांना? मना कॅन्सर हाय, ठाव हाय मना. तुझे आईला नको सांगू."

"मना बी ठाव हाय," म्हातारी म्हणाली. "मना वाटला, तुमालाच ठाव नाय."

तांडेल हसला आणि त्याला ठसका लागला. मी पेज बाजूला ठेवली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई साध्या रिक्षाने आल्या. त्यांनी आधी म्हाताऱ्यालाच विचारलं, काय हवंय.

"बोटीचा नारळ सोडाचा हाय."

"शब्द देत नाही. प्रयत्न करते."

त्यांनी दम लागतो म्हणून मॉर्फिन लिहून दिलं, अगदी थोडं. हरेशचा चेहरा उतरला. "मॉर्फिन? म्हणजे झालंच?"

"नाही. शेवटासाठी राखून ठेवायचं औषध नाही हे. आत्ता त्रास आहे, आत्ता द्यायचं."

पोट साफ होण्याचं औषधही दिलं, कारण मॉर्फिनने कोठा जड होतो. ते निस्तरणारी मी, म्हणून सांगते, ते औषध कोणी विसरू नये. मग त्यांनी विचारलं, पुन्हा असा दम लागला तर हॉस्पिटलात घशात नळी घालायची का? तांडेल म्हणाला, नको, मला करंज्याला न्या. हे त्याने स्वतः सांगितलं. ते ऐकून हरेश गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

बातमी फुटलीच. नातेवाईक आले, मी त्यांना दोघादोघांना करून आत सोडलं. खलाशीही आले, तोंडं पाडून.

"जाली शिवून झाली का?" तांडेलाने विचारलं. झाली नव्हती. मग त्याने त्यांना अशा शिव्या दिल्या की ते उभ्या उभ्या करंज्याला परतले. तरी एक जण दुसऱ्या बोटीवर गेलाच. बाकीचे राहिले.

पौर्णिमेला त्याला गाडीतून नेलं, सिलिंडर आणि मी बरोबर. धक्क्यावर खुर्ची ठेवली. दोघांनी खांदे धरले तेव्हा त्याने वाकून नारळ पाण्यात सोडला. सरळ होताना दम लागला. मी औषध दिलं, पुठ्ठ्याने वारा घातला. बोट लांब जाईपर्यंत तो बघत होता आणि सुकाणूवरच्या पोराला काही काही नावं ठेवत होता.

औषधाने त्याचं आयुष्य वाढलं का, ते मला ठाऊक नाही, डॉक्टरांना विचारा. मी एवढंच बघितलं की काय हवंय हे सांगायला त्याला दम पुरला. या बाईंना बोलवायचं असेल तर तेवढा दम आहे तोवर बोलवा.

कामोठ्यात दम लागला त्या दिवशी तांडेल वाचला. दिवाळीनंतर करंज्याच्या घरीच त्याने प्राण सोडला, घशात नळी नव्हती. म्हातारी आहे. हरेश आहे. बोट दर्यावर आहे.